संध्याकाळी एक खोली उघडी राहू द्या

प्रति,
महाराष्ट्रातील तालुक्याच्या आणि ग्रामीण भागातल्या महाविद्यालयांचे प्राचार्य, संस्थाचालक आणि सांस्कृतिक विभागप्रमुख

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मागच्या पावसाळ्यात एका जिल्हास्तरीय युवा महोत्सवात मूकनाट्य स्पर्धेला मी परीक्षक होते. मूकनाट्याला पाच मिनिटं मिळतात आणि रंगमंचावर जास्तीत जास्त सहा जण. शब्द नाहीत, नेपथ्य नाही. आठव्या की नवव्या क्रमांकावर एका तालुक्याच्या महाविद्यालयाचा संघ आला. विषय त्यांच्या रोजच्या जगण्यातला होता, खच्चून भरलेली एसटी. सहा पोरांनी नुसत्या खांद्यांनी आणि मानांनी ती गाडी उभी केली. खड्डा आला की सगळे एकदम उसळायचे, वळण आलं की एका अंगाला कलायचे. एक मुलगी खिडकीची अडकलेली काच सरकवायला बघत होती आणि ती काच मला दिसत होती.

एक गोष्ट मात्र पहिल्या मिनिटापासून खटकत राहिली. रंगमंच चांगला तीस फूट रुंद होता आणि हे सहा जण सबंध वेळ मधल्या आठ फुटांत दाटीवाटीने वावरत होते. गर्दीच्या गाडीत ते खपून गेलं. पण शेवट असा होता की गाडी थांबते, माणसं उतरतात, गाडी निघून जाते आणि एक म्हातारा तिच्यामागे धावतो. त्या म्हाताऱ्याला धावायला अख्खा रंगमंच मोकळा होता. तो तीन पावलं धावला आणि थांबला. शेवट तिथेच पडला, आणि त्यांचा क्रमांकही गेला.

नंतर ती मुलं जिन्यात भेटली. मी विचारलं, "तालीम कुठे करता रे?"

"सायकल स्टँडच्या मागे, मॅडम. भिंत आणि पत्र्याच्या मध्ये थोडी जागा आहे. पाचला वर्गांना कुलूप लागतं."

तो मुलगा तीनच पावलं का धावला ते मला तेव्हा कळलं. तालमीच्या जागेत चौथ्या पावलाला भिंत होती.

म्हणून हे पत्र. मी स्वतः तालुक्याच्या महाविद्यालयात शिकले, तिथेच पहिल्यांदा रंगमंचावर उभी राहिले आणि गेली बरीच वर्षं युवा महोत्सवांना आणि एकांकिका स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते. आपल्याकडे माझं मागणं एकच आहे. कॉलेज सुटल्यावर एक खोली विद्यार्थ्यांसाठी उघडी ठेवा. आठवड्यातले पाच दिवस, रोज दोन तास, जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत. सभागृह नको, ध्वनियंत्रणा नको, रंगीत दिवे नकोत. बाकं बाजूला सारली की मोकळी होणारी एक साधी वर्गखोली आणि तिची किल्ली.

आमच्या वेळी ती सात नंबरची खोली होती. साडेचारला शेवटचा तास संपला की शिपाई मामा कुलूप न लावता किल्ली खिशात ठेवायचे आणि दाराशी स्टूल टाकून बसायचे. आम्ही बाकं भिंतीला लावायचो आणि मधल्या फरशीवर खडूने रंगमंच आखायचो. फळ्याची बाजू म्हणजे डावी विंग, खिडकीची बाजू म्हणजे उजवी. रेघेबाहेर पाय गेला की तू प्रेक्षकांत पडलास, असं दिग्दर्शक ओरडायचा. बाकं पुन्हा होती तशी लावली नाहीत तर दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाचे सर बोलायचे, म्हणून बाकं मोजून लावायचं काम दिग्दर्शकाने स्वतःकडे घेतलं होतं. पहिला महिना एकांकिकेचं नुसतं वाचन चाललं. एका संध्याकाळी भारनियमनात वीज गेली आणि आम्ही अंधारात तोंडपाठ संवाद म्हणत बसलो. चेहरे दिसत नव्हते, नुसते आवाज येत होते. पंधरा मिनिटांत आमच्या ध्यानात आलं की सासू आणि सून एकाच सुरात बोलताहेत, अंधारात कोण कोण ते ओळखूच येत नाही. त्या संध्याकाळपासून आमच्या सासूचा आवाज बदलला. ही गोष्ट कुठल्या कार्यशाळेत कुणी शिकवली नव्हती. रोज त्याच जागी, त्याच माणसांबरोबर, कसलीही घाई नसताना बसलो म्हणून ती सापडली.

मी तिसऱ्या वर्षाला असताना ती खोली गेली. परीक्षेच्या उत्तरपत्रिका ठेवायला जागा हवी होती, तिथे लोखंडी कपाटं आली आणि पाच वाजता कुलूप लागायला लागलं. आमची हार्मोनियम त्याच खोलीतल्या एका कपाटात राहिली. त्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच सांगता येईना. मी पास होऊन बाहेर पडल्यावर वर्षभराने ते कपाट उघडलं, तेव्हा भात्याला उंदरांनी भोकं पाडलेली होती. नाटक बंद करा असं कुणी म्हटलं नव्हतं. आमचे प्राचार्य रसिक होते, गाण्याचं त्यांना वेड होतं. कुणाचाच विरोध नव्हता आणि तरी दोन वर्षांत त्या महाविद्यालयातलं नाटक संपलं. म्हणूनच मी सांस्कृतिक धोरणाबद्दल बोलत नाही, खोलीबद्दल बोलते आहे.

आपण म्हणाल, सांस्कृतिक कार्यक्रम तर होतात. स्नेहसंमेलन होतं, वेगवेगळे डे होतात, जयंत्या-पुण्यतिथ्या होतात. होतात, आणि ते व्हायला हवेत. गॅदरिंगमध्ये चित्रपटगीतावर नाचणाऱ्या मुलीचा आनंद मी कमी लेखत नाही. गावात जिला अंगणात मोठ्याने गाता येत नाही ती त्या दिवशी चारशे जणांसमोर नाचते, हे मोठंच आहे. पण त्या नाचाची तयारी चार दिवसांची असते, गाणं मोबाइलवर असतं आणि पावलं व्हिडिओत बघितलेली असतात. मग हाच संघ युवा महोत्सवाला जातो. तिथे समूहगानात चित्रपटगीत चालत नाही. लोकनृत्यात चित्रपटाचा ठेका चालत नाही. समूहगानाला गायकही सहाच आणि साथीदार तीनच घेता येतात. वर्षभर जे केलं त्यातलं काहीच इथे कामाला येत नाही, म्हणून मुलं गांगरतात आणि सोबतचे शिक्षक मला म्हणतात, "आमच्या पोरांत टॅलेंट आहे, मॅडम, पण शहरातल्या कॉलेजांपुढे टिकाव लागत नाही." टिकाव न लागण्याचं कारण शहर-खेडं हे नाही. त्या शहरी संघाने तीन महिने रोज संध्याकाळी तालीम केलेली असते आणि आपल्या संघाने महोत्सवाचं पत्रक आल्यावर आठवडाभर.

खर्चाची अडचण पुढे केली जाते, तिच्याबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण इथे गैरसमज फार आहे. महाविद्यालयीन एकांकिका म्हटलं की संस्थाचालकांच्या डोळ्यांपुढे नेपथ्याचा ट्रक, वेशभूषा, प्रकाशयोजनेचं बिल असं सगळं उभं राहतं. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक स्पर्धा घेते. भरत नाट्य मंदिरात 'अरे, आव्वाज कुणाचा' ही आरोळी ज्याने एकदा ऐकली तो ती विसरत नाही. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयीन रंगभूमीवर या करंडकाइतका मान क्वचितच दुसऱ्या कशाला असेल. आणि या स्पर्धेचा भर कशावर? लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय. झगमगाटाला तिथे किंमत नाही. बसायला एक मूढा, एक पंचा आणि चार नट एवढ्यावर तिथे नाटकं उभी राहिली आहेत. खर्च येतो तो वेळेचा, आणि तो विद्यार्थी स्वतः करायला तयार असतात.

ज्या थोड्या खर्चाला खरोखर पैसे लागतात, तबल्याची पुडी बदलणं, हार्मोनियमची दुरुस्ती, महोत्सवाचा प्रवास, त्यासाठी विद्यार्थ्यांनीच पैसे भरलेले असतात. प्रवेशाच्या पावतीवर स्नेहसंमेलन, नियतकालिक, विद्यार्थी कल्याण अशी शीर्षकं छापलेली असतात. त्या शीर्षकांखाली किती जमले आणि कशावर गेले ते वर्षातून एकदा सूचनाफलकावर लावलंत, तर मुलांचा आपल्यावरचा विश्वास वाढेल आणि मागण्याही आपोआप वाजवी होतील. विद्यार्थ्यांसमोर हिशेब उघडा ठेवणारे प्राचार्य मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे मुलं पैशांसाठी भांडत नाहीत.

आता मुलींबद्दल. या सगळ्या पत्रात मला सगळ्यात जास्त जिव्हाळ्याचा भाग हाच आहे.

माझ्या गावाला जाणारी शेवटची एसटी सव्वासहाला होती. साडेचारला कॉलेज सुटायचं, बाकं सारून तालीम सुरू व्हायला पावणेपाच, आणि सहा वाजता मी चप्पल पायात सरकवत स्टँडकडे पळत सुटायचे. आमच्या संघातल्या तिन्ही मुलींचं असंच होतं, तिघींची गावं तीन दिशांना. त्यामुळे दिग्दर्शक आमचे प्रसंग आधी घ्यायचा आणि मुलांचे नंतर. एकांकिकेचा शेवटचा प्रसंग सगळ्यांचा एकत्र होता. तो रंगीत तालमीपर्यंत एकदाही सगळ्यांनी मिळून झाला नाही, आणि स्पर्धेत नेमका तोच विस्कटला. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, 'शेवटावर मेहनत हवी होती.' मेहनतीला आमची कधीच ना नव्हती.

आज परीक्षकाच्या खुर्चीत बसल्यावर मी अशा विस्कटलेल्या शेवटांकडे वेगळ्या नजरेने बघते. ग्रामीण महाविद्यालयांच्या कितीतरी एकांकिकांत स्त्रीपात्रं सुरुवातीला येतात आणि नाहीशी होतात. काही संहितांत तर मुलीच नसतात. विचारलं की उत्तर येतं, "मुली मिळत नाहीत." मुली असतात. वर्गात पहिल्या बाकावर बसलेल्या असतात. त्यांना एसटी मिळत नाही.

यावर उपाय आहेत आणि ते प्राचार्यांच्याच हातात आहेत. आठवड्यातून दोन दिवस शेवटचा तास तालमीला मोकळा सोडता येतो. तो तास कुठल्या विषयाचा हे आलटूनपालटून ठरवलं तर अभ्यासक्रमाचं नुकसान होत नाही. आगार व्यवस्थापकाला प्राचार्यांच्या सहीचं पत्र गेलं तर गाडीची वेळ अर्ध्या तासाने मागेपुढे होऊ शकते. कॉलेजच्या वेळेसाठी अशी पत्रं आपण पाठवतोच, तसंच तालमीच्या हंगामासाठीही पाठवता येईल. तालमीला एक बाई हजर राहिल्या आणि पालकांना तालमीचं वेळापत्रक महाविद्यालयाच्या लेटरहेडवर घरी गेलं, तर नाही म्हणणाऱ्या वडिलांपैकी निम्मे तरी हो म्हणतात. माझ्या वडिलांनी नाटकाला नाही म्हटलं नव्हतं. अंधार पडल्यावर लेक कुठे आहे हे कुणीतरी जबाबदार माणसाने सांगावं, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या बाईंबद्दलही लिहायला हवं. छोट्या महाविद्यालयात सांस्कृतिक विभाग म्हणजे एक विभाग नसतो. मराठीच्या किंवा इतिहासाच्या एका प्राध्यापकावर टाकलेलं ते जादा काम असतं. जागा रिक्त, निम्मा स्टाफ तासिका तत्त्वावर, आणि जो तासिकेवर आहे त्याला तासाबाहेर थांबण्याचे पैसे मिळत नाहीत. अशा माणसाकडून रोज सात वाजेपर्यंत थांबण्याची अपेक्षा मी करत नाही. पाच शिक्षकांनी एकेक वार वाटून घ्यावा. त्यांना नाटकातलं कळलंच पाहिजे असं नाही. उत्तरपत्रिका तपासत कोपऱ्यात बसले तरी चालेल. आमच्या स्टूलवरच्या मामांना नाटकातलं काही कळत नव्हतं, तरी एखादा प्रसंग रंगला की ते स्टूल आत सरकवायचे, आणि आम्हाला कळायचं की आज जमलं.

विज्ञान शाखेच्या प्राचार्यांची एक खास तक्रार असते. प्रॅक्टिकलच्या मुलांना या गोष्टींना वेळ नाही, असं ते म्हणतात. डॉ. श्रीराम लागू, डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे हे तिघेही पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. वैद्यकीयपेक्षा जास्त प्रॅक्टिकल कुठे असतात?

आता कागदोपत्री बाजू. नॅक ही महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था, तिच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांचा सहभाग मोजला जातो. सांस्कृतिक पारितोषिकं किती, वर्षात कार्यक्रम किती, याचे आकडे भरायचे असतात, जिओटॅग केलेले फोटो जोडायचे असतात. मला त्या रकान्यांची चीड नाही, मोजणारे काहीतरी मोजणारच. पण त्यामुळे झालं असं की फोटो निघेल तेच काम होतं. दीपप्रज्वलनाचा फोटो निघतो, बॅनरसमोर उभ्या पाहुण्यांचा निघतो. सात नंबरच्या खोलीत अंधारात बसून सासूचा आवाज शोधणाऱ्या मुलांचा फोटो निघत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने मात्र आपल्या हातात एक चांगलं साधन दिलं आहे आणि त्याचा उपयोग बहुतेक ठिकाणी झालेला मला दिसत नाही. पदवीच्या नव्या आराखड्यात सहअभ्यासक्रमाचा वेगळा भाग आहे. त्यात राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, योग, क्रीडा यांच्या रांगेत सांस्कृतिक उपक्रम आणि ललित व सादरीकरणाच्या कलाही आहेत, आणि त्यांना क्रेडिट आहेत. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास धरले जातात, म्हणजे दोन क्रेडिटला ६० तास. साठ तास! एका सत्रात साठ तास रीतसर वेळापत्रकात घालून तालीम करता आली तर एक एकांकिका, एक समूहगान आणि एक मूकनाट्य सहज उभं राहतं. कितीतरी महाविद्यालयांत हे साठ तास एका पीडीएफवर आणि पंचवीस गुणांच्या बहुपर्यायी चाचणीवर उरकले जातात. कलेच्या तासाला मुलांनी योग्य पर्यायासमोर टिक करून घरी जावं, हे मला फार लागतं. खोली मागताना नियम कुठून आणायचा असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांना मी हाच नियम दाखवते.

संहितेबद्दल एक विनंती. आपल्याला वादाची भीती वाटते, ती समजते. कुणाच्या भावना कशाने दुखावतील आणि दुसऱ्या दिवशी गेटवर कोण येऊन उभं राहील, याचा नेम राहिलेला नाही, आणि उत्तर द्यायला प्राचार्यच लागतात. पण त्या भीतीपोटी स्पर्धेच्या आदल्या दिवशी संहिता मागवून दोन पानं कापणं हा मुलांवर अन्याय आहे. एका संघाने माझ्यासमोर असा कापलेला प्रयोग केला. नायिकेचं एक स्वगत काढून टाकलं होतं आणि ती मुलगी त्या जागी येऊन गप्प उभी राहिली, कारण उभं राहण्याची वेळ तिच्या अंगात बसली होती. संहिता वाचायची तर ऑगस्टमध्ये वाचा. लेखकाला, तो एकोणीस वर्षांचा असला तरी, समोर बसवून चर्चा करा. पटलं नाही तर का पटलं नाही ते सांगा, त्याचं म्हणणं ऐका. सार्वजनिक प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतंच, ती चाळणी राज्याने आधीच लावलेली आहे. आणि एकदा हो म्हटलं की मग पाठीशी उभे राहा.

लिखाणाचा विषय निघालाच आहे तर भित्तिपत्रकाचंही सांगते. काचेच्या चौकटीतलं, हाताने लिहिलेलं, महिन्याला बदलणारं भित्तिपत्रक आता बहुतेक कॉलेजांत एकाच मजकुरावर वर्ष काढतं, कारण त्या चौकटीलाही कुलूप असतं. वार्षिक अंक निघतो, पण पहिली वीस पानं अहवालांची आणि सत्कारांच्या फोटोंची, आणि कविता शेवटी, बारीक टायपात. छोट्या जागेतून काय उभं राहू शकतं याचं एक उदाहरण आपल्याच मराठवाड्यात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. तिथे आलेली बहुसंख्य मुलं शिक्षणाची घरातली पहिली पिढी होती. त्या महाविद्यालयात प्रा. म. भि. चिटणीस यांनी नाटक लिहिलं, विद्यार्थ्यांनी ते केलं आणि बाबासाहेबांनी स्वतः बसून पाहिलं. पुढे त्याच परिसरात डॉ. म. ना. वानखेडे आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या पुढाकाराने 'अस्मिता' हे नियतकालिक सुरू झालं. त्याचंच नंतर 'अस्मितादर्श' झालं आणि दलित साहित्याला त्याने हक्काचं पान दिलं. बाबासाहेबांसारख्या माणसाकडे वेळ किती कमी होता! तरी विद्यार्थ्यांचं नाटक बघायला त्यांच्याकडे वेळ होता.

आपल्यापैकी किती प्राचार्य मुलांची तालीम बघायला एकदा तरी जाऊन बसले आहेत, हे मी दोष देण्यासाठी विचारत नाही. एकदा बसा. दहा मिनिटं बसा. मुलं आयुष्यभर ते विसरत नाहीत.

आणखी एक गोष्ट मनात आहे. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात लोकसंगीत वाद्यवृंदाच्या तयारीला मला बोलावलं होतं. संघ जुळेना, तालवाद्य कमी पडत होतं. दाराशी एक मुलगा उभा होता, बी.कॉम.चा, नुसता बघायला आलेला. हलगीवाल्याचा ठेका चुकला की त्याची बोटं दाराच्या चौकटीवर बरोबर जागी पडत. मी त्याला आत बोलावलं, तर तो मागे सरला. दुसऱ्या दिवशी तो घरून कापडात गुंडाळलेलं संबळ घेऊन आला. त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या गोंधळ घालतात. रात्रभर तो वडिलांबरोबर गोंधळाला जायचा आणि सकाळी कॉलेजात कुणाला सांगायचा नाही, कारण कॉलेजात त्याची लाज वाटायची. त्याने वाकड्या टोकाची काठी उचलली, संबळावर पहिला घाव पडला आणि वर्गाच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या. शेजारच्या वर्गातून प्राध्यापक आले. आवाज बंद करायला सांगतील असं वाटलं. ते दारात उभे राहून ऐकत राहिले.

अशी मुलं आपल्या प्रत्येक वर्गात आहेत. कुणाच्या घरी भारुड आहे, कुणाच्या आजीला जात्यावरच्या शेकडो ओव्या पाठ आहेत, कुणाचा काका तमाशाच्या फडात ढोलकी वाजवतो. शहरातली महाविद्यालयं लोककलेची कार्यशाळा घ्यायला मानधन देऊन कलावंत बोलावतात. आपल्याकडे ती कला हजेरीपटावर आहे. पण ती मुलं स्वतःहून ऑफिसात येऊन सांगणार नाहीत. दार उघडं असेल तर दाराशी येऊन उभी राहतील, एवढंच होईल. पुढचं काम आपलं.

यंदाचं सत्र सुरू होताना एवढं करा. एक खोली ठरवा, तिचा नंबर सूचनाफलकावर लावा आणि कोणत्या वारी कोण शिक्षक थांबणार ते खाली लिहा. एक वही ठेवा, आत येणाऱ्याने नाव आणि वेळ लिहावी, म्हणजे आपल्या जबाबदारीचीही नोंद राहील. वाद्यांचं कपाट त्या खोलीत हलवा आणि त्याच्या दोन किल्ल्या करा, एक विद्यार्थ्याकडे द्या. ज्या महाविद्यालयाला पहिल्या आठवड्यात कुणीतरी येऊन सुरुवात करून द्यावी असं वाटत असेल, तिथे मी एसटीने स्वखर्चाने येईन.

त्या मूकनाट्याच्या संघातल्या मुलीचा, खिडकीची काच सरकवणाऱ्या, मला मध्यंतरी फोन आला होता. यंदा पुन्हा तेच बसवायचं म्हणत होती, शेवट सुधारून. रंगमंच खरा केवढा असतो ते तिला हवं होतं, म्हणजे तेवढा खडूने आखता येईल. मी सांगितलं, तीस बाय वीस धरून चाल. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सायकल स्टँडमागे तेवढं बसत नाही, मॅडम. सरांना विचारून बघते." तिच्या संघातले दोघं यंदा शेवटच्या वर्षाला आहेत. ती आपल्याकडे विचारायला येईल तेव्हा तिला खोलीची किल्ली द्यावी, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली,
तालुक्याच्या महाविद्यालयाची एक माजी विद्यार्थिनी